चारशे दहा ग्रॅम

अंबूबाईंच्या डाव्या स्तनाचं वजन चारशे दहा ग्रॅम असावं, याबद्दल शुक्रवारी सकाळी साडेसातला तीन बायकांचं एकमत झालं. चौथ्या, म्हणजे खुद्द अंबूबाई, मत द्यायला तयार नव्हत्या. तो स्तन आठ महिन्यांपूर्वी शस्त्रक्रियेत काढून टाकलेला असल्यामुळे त्याचं वजन प्रत्यक्ष करणं शक्य नव्हतं. ते उजव्यावरून अनुमानानं काढावं लागलं.

अनुमानाची पद्धत सुनेची. निशिगंधा महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि घरातही अंदाजपंचे काही चालू देत नसे. तिनं न्हाणीघरात परात मांडली, परातीत काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आणि दार ओढून घेतलं. आत अंबूबाईंनी वाकून उजवी बाजू पातेल्यात बुडवायची, बाहेर सांडलेलं पाणी परातीतून मापात ओतून दाराच्या फटीतून बाहेर द्यायचं.

"तीनदा वाकायला लावलीस मला," अंबूबाई आतून ओरडल्या. "अठ्ठावन वर्षांची बाई हाय मी."

"एका मापावर विश्वास ठेवता येत नाही, आई. तीन घ्यायची आणि सरासरी काढायची."

"पाणी गार हाय गं!"

"गार पाण्यात वस्तू आकसती," दाराला कान लावून बसलेल्या तानाबाई म्हणाल्या. त्या अंबूबाईंच्या धाकट्या जाऊ. "जाऊबाई, ऊन पाणी घ्या. न्हाईतर मापात कमी भरशिला."

सरासरी चारशे तीस मिलिलिटर आली. स्तनात चरबीचा अंश बराच असतो आणि चरबी पाण्याहून हलकी. म्हणून निशिगंधानं वजन चारशे दहा धरलं. शिलाई मशीनची सुगरा, जी तीस वर्षं या घराची पोलकी शिवत आली होती, ती उंबऱ्यावर बसून डाव्या बाजूला आतून कप्पा शिवलेलं हळदीच्या रंगाचं पोलकं उलटसुलट करून बघत होती.

"भाभी, कप्पा पाऊण इंच खाली घेतलाय. या वयात सगळ्यांचंच तिथं अस्तंय," ती म्हणाली. "वर बसवला तर डावी बाजू वीस वर्षांची दिसंल आन् उजवी अठ्ठावनची. लोक डोळं चोळतील."

आतून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पातेलं लवंडल्याचा.

घर शाहूपुरीतलं, खाली मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान, वर बिऱ्हाड, मागं अंगण आणि अंगणात मांडव. अंबूबाईंची लेक संयोगिता उद्या नेसरीच्या आदर्शला दिली जायची होती. आज अकरा वाजता नेसरीहून उष्टी हळद यायची होती आणि ती घेऊन येणार होत्या आदर्शच्या आई, शालूबाई. शालूबाईंच्या घराण्यात एक रीत होती: उष्टी हळद लावून झाली की वरमाईनं मुलीच्या आईच्या डोक्यावर हळदीच्या पाण्याची अख्खी कळशी ओतायची. त्याला ते सोयरीक भिजवणं म्हणत. पदर एरवी डाव्या खांद्यावरून जातो, आणि शस्त्रक्रिया डाव्या बाजूची. त्यामुळे आठ महिने निभावलं होतं. पण ओल्या पदराकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता.

निभावलं होतं तेही तीन विधानांच्या आधारावर. शस्त्रक्रिया पित्ताशयातल्या खड्यांची होती. केस गेले ते बालाजीला दिले म्हणून. वजन घटलं ते लग्नाच्या दगदगीनं. या तिन्ही विधानांचा एक गुण असा, की ती एकमेकांना छेद देत नव्हती. खड्यांची संख्या मात्र कुणी ठरवून दिली नव्हती, आणि ही चूक पुढे नडली.

"सांगून टाकूया की," संयोगिता दोनदा म्हणाली होती. दोन्ही वेळा अंबूबाईंनी तिला शपथ घातली. कारण साखरपुड्याच्या पंगतीत शालूबाई सहज बोलून गेल्या होत्या: "गडहिंग्लजचं एक स्थळ आलतं, पर पोरीच्या बापाला साखर हाय म्हटल्यावर सोडून दिलं आमी." पुढच्याच महिन्यात अंबूबाईंना आंघोळ करताना गाठ लागली. बापाच्या साखरेवरून जिथं सोयरीक मोडते, तिथं आईच्या कॅन्सरवर ती किती टिकेल? त्रैराशिक साधं होतं. आणि टिकलीच, तर पोरीला साधा ताप आला तरी सासरी आईचं नाव निघत राहील. म्हणून उद्या अक्षता पडेपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही, एवढं एकच अंबूबाईंनी देवाकडे आणि सुनेकडे मागितलं होतं. सुनेवर त्यांचा भरवसा किंचित जास्त होता.

*

निशिगंधानं भरणासाठी राळे निवडले होते. बारीक, गोल, गुळगुळीत, आणि थोडा वेळ भिजले तरी आकार न सोडणारे. चारशे दहा ग्रॅम तोलून तिनं वाटीत काढून ठेवले आणि ती नवरीचा पाट मांडायला अंगणात गेली. पिशवी शिवून तोंड बंद करण्याचं काम तानाबाईंकडे होतं.

तानाबाईंना वाटीतले राळे पाहून वाईट वाटलं. त्यांच्या मते ही घरातल्या थोरल्या बाईची विटंबना होती. राळे हे पाखरांचं खाणं. पस्तीस वर्षं ज्या जावेनं आपल्याला हाताशी धरून चुलीपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत सगळं शिकवलं, तिच्या छातीत चिमण्यांचा दाणा भरायचा? आणि तो कुणी ठरवायचा, तर तीन वर्षांपूर्वी या घरात आलेल्या पोरीनं?

फडताळात अळिवाचा डबा होता. तानाबाईंची लेक बाळंत होऊन आठ आठवडे झाले होते आणि तिच्या लाडवांसाठी आणलेले दोन किलो अळीव निम्मे शिल्लक होते. तानाबाईंनी मूठभर हातात घेतले. लालसर, निसरडे, बोटांतून पाण्यासारखे ओघळणारे. अळीव बाळंतिणीला देतात ते दूध यावं म्हणून. मग जो जिन्नस दुधाचा, तो दुधाच्याच जागी शोभणार, हे त्यांना इतकं उघड वाटलं, की बागेतली पानं मोजत बसणाऱ्या सुनेला ते सुचू नये याचं त्यांना नवल वाटलं. वजनाच्या बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही. चारशे दहा म्हणजे चारशे दहा.

"कसं वाटतंय?" अंबूबाईंनी पोलकं घातल्यावर त्यांनी विचारलं.

अंबूबाईंनी आरशासमोर डावीकडून, उजवीकडून पाहिलं. मग चालून पाहिलं. पिशवी चालीबरोबर हलली आणि जागेवर आली. आठ महिन्यांत त्या प्रथमच ताठ उभ्या होत्या. आरशाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही, हे तानाबाईंनी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"खऱ्यापेक्षा बरं हाय," अंबूबाई म्हणाल्या. "उजवी बिचारी कोमेजल्यागत दिसायलीय."

"मग उजवीत बी भरूया," सुगरा म्हणाली, आणि तिघी पलंगावर कोसळून हसल्या.

*

नेसरीची मंडळी साडेअकराला दोन जीपमधून उतरली. शालूबाईंचा आवाज त्यांच्याआधी मांडवात पोचला. बारा म्हशींच्या गोठ्यात रोज पहाटे बोलायची सवय असल्यामुळे त्यांना हळू बोलणं शारीरिकदृष्ट्या जमत नसे.

"अक्का! खडं काय म्हनत्यात?" त्यांनी अंबूबाईंना मिठी मारली. अंबूबाईंनी श्वास रोखला. पिशवी दबली, पुन्हा फुगली. शालूबाईंना काही जाणवलं नाही. "कुळीथ पिताईसा न्हवं? न चुकता?"

"रोज," अंबूबाई म्हणाल्या. हे खरं होतं. खड्यांवर उतारा म्हणून शालूबाई आठ महिने दर पंधरवड्याला नेसरीहून कुळीथ पाठवत होत्या आणि खोटं कमी बोलावं लागावं म्हणून अंबूबाई त्याचं कढण खरोखर पीत होत्या.

संयोगिता पाटावर बसली. उष्टी हळद लागली, गाणी झाली, आणि एकमेकींच्या तोंडाला हळद फासण्याचा जो भाग कुठल्याही शास्त्रात लिहिलेला नाही तो सर्वांत जास्त वेळ चालला. मग शालूबाईंनी पदर खोचला आणि कळशी उचलली. भर दुपारचं ऊन, त्यात पाणी ऊनऊन करून आणलेलं.

"बसा अक्का. भिजवतो तुमास्नी."

एका दमात सगळी कळशी. बायका किंचाळल्या, हलगीवाल्यानं हात मोकळा सोडला, अंबूबाई पिवळ्या धारांतून डोळे चोळत वर आल्या. निशिगंधानं ओल्या पदराआडून दोन्ही बाजू पाहिल्या. समान. सकाळच्या तीन वाकण्यांचं सार्थक झालं, असं तिला वाटलं.

रीत अशी, की भिजलेल्या आईनं अंग न पुसता लेकीशेजारी बसायचं, पाच जणींची गाणी होईपर्यंत. तिसऱ्या गाण्याला निशिगंधाला पहिली शंका आली. चौथ्याला ती शंका राहिली नाही. डावी बाजू उजवीहून मोठी होती. पाचव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ती स्पष्टपणे वाढत होती.

राळे असे वागत नाहीत. निशिगंधानं नजरेनं तानाबाईंना शोधलं. तानाबाई तिच्याकडे सोडून मांडवाच्या प्रत्येक खांबाकडे बघत होत्या.

"काकी," ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "काय भरलंत?"

"चारशे धा गिराम."

"कशाचे?"

"अळीव," तानाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "दुधाचं असतंय म्हनून."

निशिगंधा दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना अळिवाचं बी पाणी लागताच भोवती चिकट वेष्टन धरून कसं फुगतं ते काचपट्टीवर दाखवत असे. पाणी कोमट असलं की लवकर. मुलांना ते फार आवडे. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला आणि मधेच सोडून दिला, कारण उत्तर पोलक्यात मावणारं नव्हतं. एकच आशा होती: बाहेरच्या बियांचा चिकट थर आतल्या बियांपर्यंत पाणी पोचू देणार नाही.

"अक्का," मांडवातली गाणी थांबली त्या नेमक्या क्षणी शालूबाई म्हणाल्या, "तुमची ही बाजू सुजलीया व्हय?"

सगळ्या बायकांनी बघितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डावी बाजू एव्हाना पदर घेऊन पुढे आली होती.

"गांधीलमाशी," तानाबाई म्हणाल्या. हे चौथं विधान. ते कुणाशीही सल्लामसलत न करता झालं. "आत्ताच चावली. मी बघितलो की. एवढी मोठी हुती."

"आन् गप बसलाईसा?" शालूबाईंनी अंबूबाईंचा दंड धरला. "विष चढंल! आत चला. कांदा आना कुनीतरी, लोखंड आना!"

"न्हाई, न्हाई, बरं हाय," अंबूबाई म्हणत होत्या. पण रोज बारा म्हशी बांधणाऱ्या बाईनं दंड धरल्यावर मताला फार वाव नसतो. त्या ओढत गेल्या. मागोमाग तानाबाई, निशिगंधा, आणि आपलं पोलकं धोक्यात आहे हे ओळखून सुगरा.

*

खोलीचं दार लागलं. शालूबाईंनी पदराला हात घातला त्याच वेळी पोलक्याचं दुसरं हूक सुटलं. सुटलं म्हणजे उडालं. ते आरशावर आपटून सुगराच्या पायाशी पडलं. नंतर तिसरं. मग कप्प्याची शिवण उसवली आणि त्यातून दुधी रंगाचा, लाल ठिपक्यांचा एक गोळा सावकाश घरंगळत फरशीवर उतरला, पचकन.

शालूबाई वाकल्या. बोट बुडवलं, वासाला नेलं, दोन बोटांत चोळलं.

"हे अळीव हाईत," त्या म्हणाल्या. "खीर लपवलीवतीसा व्हय?"

अंबूबाईंच्या हातात मोकळं लोंबणारं पोलकं होतं. सांगायला अजून पाचवं विधान सुचलं असतं. तानाबाईंच्या तोंडावर ते जुळत आलेलं दिसतही होतं. पण पाचवं सांगितलं की सहावं लागणार. अंबूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"गांधीलमाशी न्हवती," त्या म्हणाल्या. "खडं बी न्हवतं. गाठ हुती. कॅन्सरची. छाती काढलीया डावी. औषधानं केस गेलं. बालाजीला मी गेल्याली बी न्हाई. आता तपासणी साफ हाय, पर म्हटलं, लगीन हुईस्तवर कळायला नको. ह्या सगळ्यात माझ्या पोरीचा कायबी दोष न्हाई. तुमास्नी काय ठरवायचं आसंल ते माझ्याकडं बघून ठरवू नकासा."

शालूबाई प्रथमच हळू बोलल्या, आणि ते त्यांच्या ओरडण्याहून भयंकर वाटलं.

"पोरीला हुनार का?"

प्रश्न निशिगंधाकडे बघून विचारला होता. अंबूबाईंनीही तिच्याकडे पाहिलं. ही सून दिलासा म्हणूनसुद्धा चुकीचा आकडा सांगणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की तिनं थोडं खोटं बोलावं.

"होणारच नाही असं मी सांगू शकत नाही," निशिगंधा म्हणाली. "आईला झालं असेल तर लेकीची शक्यता इतर बायकांच्या साधारण दुप्पट धरतात. पण दुप्पट म्हणजे नक्की नव्हे, मावशी. घराण्यात एकीलाच, तेही पन्नाशी उलटल्यावर झालं असेल, तर अशा बहुतेक लेकींना ते कधीच होत नाही. डॉक्टर सांगतील त्या वयापासून तपासणी करत राहायची. एवढंच."

"बहुतेक."

"बहुतेक. त्याच्यापुढचं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

शालूबाईंनी मान हलवली. फरशीवरच्या गोळ्याकडे बघितलं. तो अजूनही किंचित वाढत होता.

"आमच्या गोठ्यात एक म्हैस हाय," त्या म्हणाल्या. "कासेचं एक सड गेलंया तिचं. लोक म्हनालं, काढून टाका. काढलो न्हाई. तीन सडांवर सात लिटर देती आज."

अंबूबाईंनी डोळे पुसले. मग वाक्य नीट पोचलं.

"मला म्हशीसंगं धरताईसा व्हय?"

"चांगली म्हैस हाय की ती!"

"आन् गडहिंग्लजचं स्थळ? बापाला साखर म्हनून सोडलासा!"

"अवो, आदर्शला ती पोरगी पसंत न्हवती. कायतरी कारन सांगावं लागतंय की! बापाच्या साखरंनं बरं झालं. कुनाचं मन दुखलं न्हाई." मग एकाएकी त्यांचा आवाज परत जागेवर आला. "पर ते कुळीथ! आठ म्हैनं! निवडून, पाखडून मी पाठवतो आन् तुमास्नी खडंच न्हाईत?"

"पिल्या की मी! रोज, फुलपात्रभर!"

"कुळीथ तसंही मूतखड्यावर देतात," निशिगंधा म्हणाली. "पित्ताच्या खड्यांवर नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी चूक होती."

ही अचूकता त्या क्षणी अनावश्यक होती आणि नेमकी तीच पुरली. आधी सुगरा फुटली, मग तानाबाई, मग शालूबाई अशा हसल्या की बाहेर हलगी थांबली. हसता हसता तानाबाईंनी एकदम मांड्या आवळल्या.

"काय झालं गं?" अंबूबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. हसलं की हुतंय. शिंकलं तरी हुतंय. पाच वर्षं झाली, लांबच्या लग्नाला जात न्हाई मी."

"त्याला व्यायाम असतात, काकी. मी शिकवते."

"तुझं झालं काय सुरू? लगेच वर्ग भरवती."

"माझी पिशवी काढलीया," शालूबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. सगळ्यास्नी हर्निया म्हनून सांगितलंय. सासू मेली तिला शेवटपतोर हर्नियाच ठाऊक."

"माझी बी काढली," सुगरा म्हणाली. "मी कुणाला कायच सांगितलं नाही. म्हटलं, अख्ख्या शाहूपुरीचं माप माझ्या वहीत हाय, माझं कशाला कुणाच्या वहीत?"

सगळ्यांनी निशिगंधाकडे बघितलं. तिनं थोडा विचार केला.

"थायरॉइड," ती म्हणाली.

"एवढंच?" तानाबाई खट्टू झाल्या.

निशिगंधाला सवयीनं बेरीज सुचली. खोलीत पाच बायका होत्या. नऊ स्तन, तीन गर्भाशयं. पित्ताशयं मात्र पाचही शाबूत. तिनं ती बेरीज मोठ्यानं सांगितली आणि तानाबाईंना खरोखरच मोरीकडे धावावं लागलं.

त्या परत आल्या तेव्हा शालूबाई अंबूबाईंच्या समोर फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या.

"बघू," शालूबाई म्हणाल्या.

"काय?"

"काढलंय ते. बघू."

हे कुणी विचारलं नव्हतं. सुगरानं माप घेतलं ते झंपरावरून. जावेनं आठ महिने पाठ चोळली, पण पुढं बघितलं नाही. नवरा दिवा मालवून मग खोलीत येत असे. अंबूबाईंनी ओलं पोलकं बाजूला केलं.

चौघींनी पाहिलं. काखेपासून मधोमध येणारी एक तिरकी, फिकट रेघ, भोवती सपाट कातडी. तानाबाईंना वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. ते नव्हतं. ते नुसतं सपाट होतं.

"टाका सरळ आलाय," सुगरा डोळे बारीक करून म्हणाली. "कुठं चुणी नाही. कोण डॉक्टर? हाताला वळण हाय."

"तुझ्या पोलक्यापेक्षा बरा हाय," शालूबाई म्हणाल्या. "ते बघ कसं उसवलं."

"माझं पोलकं पाण्यात फुगणाऱ्या मालासाठी नव्हतं!"

शालूबाई उठल्या. "एक अट हाय, अक्का. तपासणीला वर्साला एकदा संयोगिताला मी नेनार. तिची आई म्हनून तुमी यायचं. आन् गेल्यावर माझी बी करायची. मी आजवर केल्याली न्हाई, मला भ्या वाटतंय. तिघी जाऊ. हितंच तारीख धरा, मागनं कोन धरत न्हाई."

निशिगंधानं तिथल्या तिथं फोनवर तारीख नोंदवली. लग्नानंतरचा दुसरा मंगळवार.

*

मांडवात हंबीरराव एकटे सापडले होते. अंबूबाईंच्या नवऱ्याला दुकानात पंपाबद्दल तासभर बोलता येई. माणसांबद्दल दोन वाक्यांनंतर त्यांचं भांडवल संपे. आणि समोर व्याही विजयसिंह बसले होते, चौकस आणि रिकामे.

"पावणं, वैनींचं खडं सात निघालं म्हनालतासा," विजयसिंह म्हणाले. "तानाबाई अकरा म्हनत्यात."

"मोठं सात," हंबीरराव म्हणाले. "बारकं चार."

"हां. मग जमतंय."

"बाबा," पाटावरून संयोगिता ओरडली, "आई कुठं हाय? हळद वाळून तडकाय लागलीय माझी! हसू बी येत न्हाई, गाल फुटतोय."

तेव्हा खोलीचं दार उघडलं. पुढं शालूबाई, मागं अंबूबाई. कोरडी साडी, जुनं पोलकं. डाव्या बाजूला काही भरलेलं नव्हतं. पदर आपल्या नेहमीच्या वाटेनं गेला होता आणि त्याच्याखाली जिथं पोकळी होती तिथं पोकळी होती.

हंबीररावांनी ते पाहिलं. आत काय झालं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना एवढंच दिसलं, की बायको तशीच बाहेर आली आहे, सगळ्या मांडवासमोर, आणि शेजारी व्याह्यांची नजर त्याच दिशेला वळते आहे. काहीतरी निखळलं, पडलं, विसरलं असेल. आता प्रश्न येणार आणि तो तिलाच येणार. आठ महिने जो शब्द त्यांनी दवाखान्याच्या कागदावरसुद्धा अंगठ्यानं झाकून धरला होता, तो शब्द घेऊन ते खुर्चीतून उठले.

"खडं न्हवतं, पावणं," ते विजयसिंहांना म्हणाले. हलगी थांबलेली होती, त्यामुळे सगळ्यांनाच म्हणाले. "कॅन्सर हुता. छातीचा. डावी काढलीया. माझ्या बायकोला कुनी काय विचारू नगासा. विचारायचं ते मला विचारा. तुमास्नी जमत नसंल तर आत्ता सांगा, हितं सांगा."

एवढी सलग वाक्यं त्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा उच्चारली नव्हती. विजयसिंहांनी शालूबाईंकडे पाहिलं. "अवो, हळू की," अंबूबाई कुजबुजल्या.

"का हळू? ऐकू दे!"

"ऐकलंय, पावणं," शालूबाई म्हणाल्या. "आमी अर्धा तास झालं ऐकून, बघून, तारीख धरून बाहेर आलाव. शाळा सुटली, पोरं घरला गेली, आन् तुमी आत्ता दप्तर भरताईसा."

हंबीरराव तसेच उभे राहिले, भांडणाच्या पवित्र्यात, समोर भांडायला कुणीच नाही. पाटावर संयोगिताच्या गालावरची हळद तडकली आणि खपल्यांनी मांडीवर पडली. अंबूबाईंना हसू आलं. हसलं की ती बाजू अजून ओढायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हातानं आधार द्या, मग हसा, आणि चारचौघांत तसा हात ठेवायला लागू नये म्हणून आठ महिने त्या हसू गिळत आल्या होत्या. आता त्यांनी भर मांडवात, नवऱ्याकडे बघत, डाव्या बाजूवर तळवा घट्ट दाबून धरला आणि पोटभर हसून घेतलं.